रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, प्राग: एकट्या फौंड्रीवाल्याचा शेरा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायला नको. चारांत फ्लॉरेन्स एक नंबर. त्याच्या पाठोपाठ व्हिएन्ना. रोम तिसरं. प्राग चौथं, आणि तेही शहरामुळं नव्हे, तिथल्या काही गल्लाभरू दुकानदारांमुळं.

हा शेरा एकट्या माणसाचा आहे. बायको-पोरं, मित्रमंडळ, टूर मॅनेजर, कोणी म्हणजे कोणी बरोबर नव्हतं. शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फौंड्री आहे, पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट ओततो. परगावी गेलं की लोक देवळाचा कळस बघतात, मी गटाराचं झाकण बघतो. तेव्हा माझं मत त्या हिशेबानं वाचा. चित्रांतलं मला कळत नाही आणि कळतंय असं दाखवायची हौसही नाही.

सौ.ला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही लोखंड बघत हिंडणार, मी तिथं काय करू? तुम्हीच जाऊन या." थोरले बंधू मात्र काळजीत. "आरं, एकटाच? आजारी पडलास तर बघायला कोण?" त्यावर उत्तर आहे. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो, शिवाय बोटांचे ठसे द्यायला पुण्याची फेरी. युरो शंभरीच्या घरात आहे, त्यामुळं गणित तोंडी करता येतं. पण ते केल्यावर तोंड कडू होतं.

एकट्याला महाग पडतं हे कबूल. खोली दोघांची असो की एकाची, भाडं जवळपास तेवढंच. म्हणून निम्म्या ठिकाणी मी हॉस्टेलात राहिलो. पन्नाशीच्या माणसानं हॉस्टेलात राहावं का? राहावं. खालचा बंक मागून घ्यायचा आणि कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप न्यायचं. पोरंपोरी काका-सर काही म्हणत नाहीत, सरळ नाव विचारतात आणि आपापल्या फोनात डोकं घालतात. घोरण्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण त्यात माझाही हातभार होता.

रोमपासून सुरू करू. कलोसियमबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. तिकीट आधी काढा, तिकिटावरचं नाव पासपोर्टाशी जुळलं पाहिजे, एवढंच सांगतो. मला रोममध्ये सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर रस्त्यावरचे नळ. हसू नका. कंबरभर उंचीचा बिडाचा खांब, त्याला वाकडी तोटी आणि तिच्यातून दिवसरात्र गार पाणी. नाकासारखी तोटी म्हणून त्यांना 'नासोने' म्हणतात. 1874 पासून हे नळ बसवायला लागले आणि आज शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. तोटीच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून पाण्याची कमान उडते आणि न वाकता पिता येतं. तिथल्या एका म्हातारबाबांनी मला हे करून दाखवलं. शब्द एकमेकांचा कळला नाही, पण दोघांचेही शर्ट भिजले.

मी त्या नळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, कुठं आलीय ते बघत होतो. शंभर किलोच्या आसपास वजनाचा तुकडा, इतकी वर्षं उन्हापावसात आणि सतत पाण्यात, तरी उभाच. आमच्याकडं गिऱ्हाईक सहा महिन्यांत गंज आला म्हणून माल परत पाठवतं. असो.

पँथिऑन म्हणजे रोमचं जुनं घुमटाचं देऊळ. त्याला आता तिकीट आहे आणि ते वसूल होतं. घुमटाचा आतला व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून वरच्या गोल भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. लोखंडी सळई न घालता ओतलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. खाली जड दगडाची खडी, वर जात जात हलकी, शेवटी तर पाण्यावर तरंगेल असा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. पाऊस त्या भोकातून सरळ आत येतो, म्हणून फरशीला उतार आणि बारकी भोकं ठेवलीत. सगळे वर बघत होते तेव्हा मी ती भोकं शोधत होतो. बावीस सापडतात म्हणे, पण मधेच रखवालदारानं पुढं सरकायला सांगितलं.

मग रोम तिसरं का? दमवतं म्हणून. सगळंच मोठं, सगळीकडंच रांग, आणि पायाखाली काळ्या दगडाचे ठोकळे. कोल्हापुरी घालून मिरवायचा बेत असेल तर ती खोलीत घाला, बाहेर जाड तळाचे बूट हवेत. शिवाय एकटा माणूस दिसला की काही हॉटेलवाल्यांचं तोंड उतरतं. एका प्रसिद्ध चौकातल्या हॉटेलात अर्धी टेबलं रिकामी असताना मला संडासाच्या दाराशेजारी बसवलं आणि बिलात ब्रेडचे वेगळे पैसे लावले, जो मी मागितला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून इटलीत मी उभ्यानंच नाश्ता केला. तिथं कॉफी काउंटरला उभं राहून घेतली तर सव्वा-दीड युरो, तीच टेबलावर बसून घेतली तर कुठल्या कुठं. काउंटरला कोणी एकटा नसतो, कारण सगळेच एकेकटे असतात.

रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीनं दीड तास. लोकलसारख्या साध्या गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका, दंड होतो.

आता फ्लॉरेन्स. इथं थोडा वेळ थांबतो.

सिन्योरिया नावाचा मोठा चौक आहे. त्याच्या एका कडेला कमानींचा उघडा मंडप, आणि त्यात उभा आहे चेलिनी नावाच्या कारागिराचा ब्राँझचा पर्सियस, ग्रीक कथेतला वीर. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात मेदुसा राक्षसिणीचं कापलेलं मुंडकं. तिकीट नाही, वेळ नाही, दार नाही. पुतळा उघडा केला 1554 साली. त्याच्या ओतकामाची हकिकत त्या कारागिरानं स्वतःच लिहून ठेवलीय आणि ती वाचून माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. भट्टी पेटलेली, छपराला आग लागलेली, बाहेर वादळ, आणि हा गडी तापानं फणफणून अंथरुणात. तेवढ्यात माणूस सांगत येतो की धातू भट्टीतच थिजायला लागला. हा तसाच उठला. आधी ओकाची लाकडं टाकून जाळ वाढवला, आणि मग घरातली कथलाची ताटं, वाट्या, थाळ्या, दोनशेच्या आसपास नग, भट्टीत आणि पन्हळीत टाकले.

वाचणाऱ्याला तो वेडेपणा वाटेल. फौंड्रीवाल्याला नाही. कथील वाढलं की ब्राँझ कमी उष्णतेत वितळतं आणि पाण्यासारखं धावतं. भट्टीत फार वेळ राहिल्यानं त्यातलं कथील जळून कमी झालं असणार आणि धातू घट्ट झाला असणार. त्यानं ते भरून काढलं. आमच्याकडं आता हे स्पेक्ट्रोमीटर सांगतो. त्यानं तापात, स्वयंपाकघराकडं धावत ठरवलं.

आणखी एक. ओतण्याआधीच त्यानं आपल्या मालकाला, म्हणजे तिथल्या ड्यूकला, सांगून ठेवलं होतं की मेदुसाचं डोकं येईल पण पर्सियसचा उजवा पाय यायचा नाही. धातू वरून खाली इतक्या लांब जाईस्तोवर गार होणार. साचा फोडला तर सगळं आलं होतं, फक्त त्या पायाची बोटं आणि त्यांच्यावरचा थोडा भाग आला नव्हता. म्हणजे मिसरन (साचा भरायच्या आधीच धातू थिजतो तो दोष), आणि तोही आधी सांगितलेल्या जागी! मी त्या पायासमोर उभा राहिलो. जोड कुठं दिसतोय का म्हणून खालून, बाजूनं, फोन मोठा करून बघितलं. नाही दिसला. दुपार होईपर्यंत तिथंच होतो, मधे फक्त एकदा कॉफीला गेलो.

याच चौकात एक मराठी टूर भेटली. झेंडीवाला पुढं, मागं टोप्या. एक काकू माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही आपल्यातलेच दिसता. कुठले?"

"कोल्हापूर."

"अगंबाई, आम्ही सांगलीचे! आणि मंडळी कुठाय?"

"एकटाच आलोय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मला घरातून काढलंय. "जेवलात का?" लगेच पिशवीतून चकलीची पुडी निघाली. त्यांना त्या चौकात वीस मिनिटं होती. त्यातली दहा स्वच्छतागृह शोधण्यात गेली, पाच माझी चौकशी करण्यात. त्यांची गाडी संध्याकाळी पिसाला जाऊन पुढं जायची होती. टूरला नावं ठेवत नाही. गुडघे, भाषा, जेवण, सगळं कोणीतरी सांभाळतं, ती सेवा पैशाला भारी नाही. पण ज्याला एकाच पुतळ्याचा एकच पाय बघायचाय त्यानं टूरला जाऊ नये. त्याच्यामुळं चाळीस माणसं खोळंबतील.

बाप्तिस्मा होतो त्या अष्टकोनी इमारतीचे गिबर्तीचे दरवाजेही असेच. 1425 ते 1452, एका दरवाज्याला सत्तावीस वर्षं. बाहेर लोक ज्याचे फोटो काढतात ती नक्कल आहे. खरे दरवाजे मागच्या संग्रहालयात काचेआड आहेत आणि तिथं गर्दी निम्मीसुद्धा नसते. तिकडंच जा. शेजारच्या कॅथेड्रलचा विटांचा घुमट 1436 साली पुरा झाला, खाली लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. वर जायला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी ठरवावी लागते. एकट्याचा इथं फायदा होतो. चौघांना आठवडाभर जागा दिसत नव्हती, एकाला दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली.

जेवणाचं म्हणाल तर बाजाराच्या वरच्या मजल्यावर लांब सामाईक टेबलं आहेत, एकटं बसलेलं कोणाला कळतही नाही. लांप्रेदोत्तो म्हणून वजडीचं सँडविच रस्त्यावर मिळतं. वजडी म्हटल्यावर जीभ चाळवली, पण ती गाईची. हात जोडले आणि पुढं निघालो. तांबडा-पांढऱ्याची आठवण आली का, असं आल्यापासून प्रत्येकजण विचारतोय. नाही आली. टोमॅटो, पाव आणि ऑलिव्हचं तेल एवढ्यावर माणूस मजेत राहतो.

कोल्हापूरच्या माणसाचं फ्लॉरेन्सला आणखी एक काम असतं. शहराच्या पश्चिमेला कशिने नावाची मोठी बाग आहे, नदीच्या काठाकाठानं लांबच लांब गेलेली. ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाला सोडते, आपल्याला जायचंय पलीकडच्या. तिथं आर्नो नदीला मुन्योने येऊन मिळते आणि त्या संगमावर आपल्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी महाराज फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाला तिथं परवानगी नसायची, ती खास मिळवली आणि संगमावर अग्नी दिला. 1874 मध्ये स्मारक झालं. त्याचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे पुढं आपला न्यू पॅलेस ज्यानं आखला तोच. अर्धपुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. चौथऱ्यावर चार भाषांत मजकूर.

मी गेलो तेव्हा सायकलवाले, कुत्री फिरवणारे, व्यायाम करणारी पोरं, असा नेहमीचा बागेतला कारभार चालू होता. एका बाईंना विचारलं तर त्यांनी लगेच हात केला, "इंदियानो!" म्हणजे भारतीय. जवळच तारांनी तोललेला मोठा पूल आहे, 1978 साली वाहतूक सुरू झालेला. त्याचंही नाव इंदियानोच. म्हणजे रोज हजारो गाड्या आपल्या महाराजांचं नाव घेत नदी ओलांडतात आणि त्यांतल्या किती जणांना कोल्हापूर माहीत असेल? पुतळ्याचा फेटा रंगीत आहे. फोटोत जेवढा दिसतो त्याहून चेहरा पोरसवदा वाटतो. घरी व्हिडिओ कॉल लावला. सौ. म्हणाली, "फुलं नेलीत का?" नेली होती. येताना बाजारातून घेतली होती, कागदात बांधून दिली होती बाईनं. टूरच्या यादीत हे ठिकाण मला तरी दिसलं नाही. अर्धा दिवस राखून ठेवा, पाण्याची बाटली न्या, सकाळी जा.

फ्लॉरेन्सहून व्हिएन्नाला रात्रीची गाडी आहे. सहा बर्थचा डबा, चादर-उशी, सकाळी पाव आणि कॉफी. एका रात्रीचं हॉटेल वाचतं. झोप लागते का? लागते, पण तुटक.

व्हिएन्ना म्हणजे एकट्या माणसासाठीच बांधलेलं शहर. तिथल्या जुन्या कॉफीघरात एक कॉफी मागवायची, ती चांदीसारख्या तबकात पाण्याच्या ग्लासासह येते, आणि मग तासन्‌तास बसायचं. कोणी बिल आणून आपटत नाही. वर्तमानपत्रं लाकडी दांडीला अडकवलेली असतात. वेटर जरा तोऱ्यात असतो, पण तो सगळ्यांशीच. पाणी मात्र मागून प्या, बाटली घेऊ नका. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून नळानं शहरात येतंय.

ऑपेराला उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं असतात. बसायच्या जागेच्या भावात माझ्या फौंड्रीत एका दिवसाची हजेरी भागेल, म्हणून उभाच राहिलो. आत गेल्या गेल्या लोक आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधतात आणि निवांत बाहेर फिरायला जातात. संभाजीनगर स्टँडला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं, अगदी तसंच! आणि तो मफलर कोणी हलवत नाही, हेही तसंच. गाणं किती कळलं ते विचारू नका. मध्यंतरात निम्मे गेले, मी शेवटपर्यंत होतो.

स्टेफान कॅथेड्रलची पुमेरिन घंटा मात्र बघाच. पहिली 1711 साली ओतली, तुर्कांनी 1683 च्या वेढ्यानंतर मागं टाकलेल्या तोफांच्या धातूतून. 1945 च्या आगीत ती खाली पडून फुटली. त्याच तुकड्यांचा धातू घेऊन 1951 मध्ये नवी ओतली, वीस टनांच्या आसपास. भंगार परत भट्टीत घालणं हा आमचा रोजचा धंदा, पण तोफ, घंटा आणि परत घंटा असा प्रवास केलेलं भंगार मी पहिल्यांदा पाहिलं. उत्तरेच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, गुडघेवाल्यांची सोय.

प्राग रेल्वेनं चार तास. शहर देखणं आहे यात वाद नाही. चार्ल्स पुलाचं काम 1357 साली सुरू झालं. पहाटे सहाला जा, नऊनंतर पूल दिसत नाही, नुसती डोकी दिसतात. पुलावरच्या पुतळ्यांत सर्वांत जुना नेपोमुकच्या संताचा, 1683 चा, ब्राँझचा. हात लावून लावून खालच्या पट्ट्या सोन्यासारख्या चकाकतात, बाकी सगळा काळाठिक्कर. पॉलिशिंगला याहून स्वस्त मजूर मिळायचे नाहीत.

चौकातलं 1410 चं घड्याळ दर तासाला बाहुल्या नाचवतं. खेळ मिनिटभरात संपतो आणि गर्दी 'एवढंच?' अशा तोंडानं पांगते. गर्दी पांगली की तुम्ही थांबा. सूर्य कुठल्या राशीत, चंद्र किती कलांचा, हे सगळं एकाच तबकडीवर दाखवतंय ते सावकाश बघण्यासारखं आहे. चौकात धुरावर भाजून विकतात तो गोड पोकळ पाव जुना प्रागचा म्हणून खपवतात. तो तिथला जुना नाही, आणि चवीलाही बेताचा.

तिथलं चलन युरो नाही, म्हणून पैसे बदलायच्या खिडक्यांपासून सावध. 'कमिशन शून्य' लिहितात आणि भावात कापतात. तिथंच इचलकरंजीचा एक पोरगा भेटला, शिकायला आलेला, नुकतीच त्याची युरोची नोट अशी कापली गेली होती आणि तो पायरीवर बसून हिशेब करत होता. चेक देशात 2019 पासून कायदा आहे: हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर रद्द करता येतो. हॉस्टेलच्या पोरीनं मला ते आल्याबरोबर सांगितलं होतं. म्हटलं, "चल, ऊठ." काचेमागच्या माणसानं आधी मान हलवली. पावती काचेला लावून घड्याळ दाखवल्यावर गप नोट परत दिली. दोन गल्ल्या पलीकडं तीच नोट बदलली तर त्याला भरपूर जास्त मिळाले. "काका, कॉफी माझ्याकडून," म्हणाला. घेतली, बसून.

पावती तेवढी मागून घ्या. तिच्याशिवाय तो कायदा कोणी ऐकून घेत नाही.